थरथरणारी गाडी आणि देवघराचा पडदा

एका जंगलात, जिथला सिंह कायम बैठकीत असायचा, तिथे साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं.

मुलांनो, साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. एरवी फार सभ्य. फक्त त्याला हलवू नये. हलवलं की काटे खुळखुळतात, उभे राहतात आणि शेजारच्याला टोचतात. हे लक्षात ठेवा.

घरात अण्णा होते, वत्सलाबाई होत्या आणि त्यांचा मुलगा मुकुल होता. शिवाय नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती, केतकी. केतकी कमी बोलायची. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, मुलगी साधी आहे. ती फक्त बघत असायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी गाडी घेतली. जुनी, पण एकहाती. आधीचा मालक कासव होता. त्याने सांगितलं की बारा वर्षांत गाडी कधी वीसच्या वर नेली नाही. यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. घरी येताना मुकुलने ती साठने पळवली, तरी पोटातलं पाणी हललं नाही. आपल्याला कासवं बरोबर कळतात, असं अण्णा वाटेत दोनदा म्हणाले.

दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुवायला काढली. वत्सलाबाई काथ्या आणि उलथनं घेऊन चाकांपाशी बसल्या. पुढच्या चाकांच्या लोखंडी कडेला बोटाच्या पेराएवढे काळे गोळे चिकटलेले होते.

"केवढी घाण साठवलीय मेल्याने," असं म्हणून त्यांनी उलथन्याने एकेक गोळा उचकटून काढला.

केतकी शेजारी झेंडूचा हार ओवत होती. तिचे वडील घाटापलीकडच्या जंगलात पंक्चर काढायचे. चाक एकसारखं फिरावं म्हणून कडेला शिशाची छोटी वजनं ठोकतात, हे तिला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं.

"आई, ते..." ती म्हणाली.

"तू राहू दे गं. तुझ्या हातावरची मेंदी अजून ताजी आहे."

दोन चाकं झाल्यावर वत्सलाबाईंची कंबर धरली. म्हणून मागची दोन चाकं वाचली. एकूण पाच गोळे निघाले. धुतल्यावर ते इतके छान जड लागले की टाकवेनात. देवघराचा पडदा वाऱ्याने सारखा समईवर जायचा. वत्सलाबाईंनी पाचही गोळे पडद्याच्या खालच्या दुमडीत शिवून टाकले. पडदा शहाण्यासारखा उभा राहिला.

गाडीचं मात्र बिनसलं.

सीमोल्लंघनाला निघाले आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. मुकुलचे हात थरथरले. मग सीट. मग अण्णांचे काटे खुळखुळले, त्यांना वत्सलाबाईंच्या काट्यांनी साथ दिली आणि गाडीतून भजनी मंडळ चालल्यासारखा आवाज येऊ लागला. अण्णा सीटमध्ये रुतले. त्यांना उपटून काढायला तिघं लागले. सोनं म्हणून वाटायची आपट्याची पानं सगळ्यांच्या पाठीला आपोआप लागली होती.

घरी आल्यावर अण्णांनी जाहीर केलं, की थरथर थांबल्याशिवाय घाट ओलांडायचा नाही.

केतकीने दिनदर्शिका उघडून दिवस मोजले. कारण घाटापलीकडे माहेर होतं आणि अठरा दिवसांवर दिवाळसण. पहिल्या दिवाळीचा सण एकदाच असतो, तो पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. तिच्या वडिलांनी तर दुकानापुढच्या सगळ्या जुन्या टायरींना जावयासाठी चुना फासून ठेवला होता.

निदान सुरू झालं.

गॅरेजवाला वानर गाडीच्या पोटाला कान लावून म्हणाला, इंजिनाखालचं रबर गेलंय. ते बदललं. थरथर तशीच. गाडी उभी असताना अजिबात हलत नाही, असं मुकुलने सांगितलं, तर तो म्हणाला, मग उभीच ठेवा.

निवृत्त घुबडकाका म्हणाले, गाडी दक्षिणेकडे तोंड करून लावता, दुसरं काय होणार. गाडी फिरवली. आता ती उत्तरेकडे तोंड करून थरथरायला निघू लागली.

कुटुंबाच्या मोबाइलवरच्या गटात एकेचाळीस साळिंदरं होती. त्यांनी बेचाळीस उपाय सांगितले. एका मावशींनी फुलांचं चित्र पाठवून शुभ सकाळ म्हटलं. अण्णांनी तोही उपाय धरला आणि सकाळी गाडीसमोर उभं राहून शुभ सकाळ म्हणू लागले.

शेवटी कासवालाच विचारलं. कासव म्हणालं, गाडीला वेगाची सवय नाही, ती घाबरते. रोज एकेकाने वाढवा. मग मुकुल रोज सायंकाळी गाडीला सरावाला नेऊ लागला. पहिल्या दिवशी सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. परत आल्यावर बॉनेटवर हात फिरवून तिला शाबासकी द्यायचा. गाडी शहाण्यासारखी चालायची, कारण साठ अजून लांब होते.

केतकीला कुणी विचारलं नाही. तिने वडिलांना फोन केला.

"साठला थरथरते? स्टिअरिंगला?" वडील म्हणाले. "आणि उभी असताना नाही?"

"हो, बाबा."

"पुढच्या चाकांची वजनं गेली असतील, बाळ."

"माहितीये."

"मग सांग की त्यांना."

"कुणी काढली, तेही सांगावं लागेल."

वडिलांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "दुपारी झोपतात का गं तुमच्याकडे?"

साळिंदरं दुपारी झोपतात, मुलांनो. काटे मिटून, ओळीने.

धनत्रयोदशीच्या दुपारी केतकीने पडद्याची दुमड उसवली. पाचही तुकडे काढले. दुमड पुन्हा शिवली. मग ती चाकांपाशी बसली. जिथे जिथे वजन होतं, तिथे लोखंडावर तेवढ्याच लांबीचा स्वच्छ ठसा राहिला होता. प्रत्येक तुकडा आपापल्या ठशावर बसला, आणि ती खलबत्त्याचा बत्ता घेऊन ठोकू लागली.

"काय ठोकताय, सूनबाई?" अण्णांनी झोपेतच विचारलं.

"वेलदोडे कुटतेय, बाबा."

"जरा जास्त घाला," अण्णा म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले.

त्या सायंकाळी मुकुलचा सराव अठ्ठावन्नचा होता. गाडी इतकी गुळगुळीत पळाली की त्याला साठ, सत्तर, ऐंशी कधी झाले तेच कळलं नाही. तो घरी येऊन अंगणात नाचला. अण्णा नाचले. सहा काटे पडले.

मग श्रेयाची वाटणी झाली. अण्णा म्हणाले, शुभ सकाळ. मुकुल म्हणाला, सराव. वानराने निरोप धाडला की रबर बसायला थोडे दिवस लागतातच. घुबडकाकांनी फक्त उत्तरेकडे बोट दाखवलं. कासव हळूहळू अभिनंदनाला निघालं. ते अजून पोचायचं आहे.

नरकचतुर्दशीला चौघं घाट चढू लागले. अण्णा आणि मुकुल पुढे, सासूसुना मागे. एकही काटा खुळखुळत नव्हता. अण्णा तर बसल्या जागी झोपले.

वत्सलाबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सूनबाई, आज सकाळी देवघराचा पडदा फार उडत होता."

केतकीचे सगळे काटे उभे राहिले.

"खिडकी उघडी राहिली असेल, आई."

"हं." वत्सलाबाई पुन्हा बाहेर बघू लागल्या. "शिवण मात्र माझ्यापेक्षा बारीक आहे."

घाटाचं वळण आलं. ते सरलं, तेव्हा खाली चुना फासलेल्या टायरींची पांढरी रांग दिसू लागली.

"येताना पडद्याला जाड कापड घेऊ," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि यांना काही बोलू नकोस. बिचारे रोज उठून गाडीला शुभ सकाळ म्हणतात."

तात्पर्य: मुलांनो, खरं असेल ते ताबडतोब आणि सगळ्यांसमोर बोलावं, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्यांना दिवाळसणाला जायचं नव्हतं. तुम्हाला जायचं असेल, तर तज्ज्ञांना पुरेसा वेळ द्यावा, दुपारी जागं राहावं आणि वेलदोडे जरा जास्त घालावेत.