दीडशे फोटोंवर मोहाडीकरांची स्वारी

श्रीचौंडेश्वरीचे चरणी माथा ठेवून आणि मोबाईल चार्जिंगास लावून, मौजे मोहाडी येथील लिंकेचा वृत्तांत लिहिला जातो. कन्या ज्योत्सनाबाई यांची आज्ञा जाहली की, बाबा, तुम्ही सारे विसरून राहिले, घडले ते लिहून ठेवा. आज्ञा प्रमाण. पदरचे घातले नाही, भिऊन गाळलेही नाही.

मोहाडीस तहसील कचेरीच्या रस्त्याला सुशीला फोटो स्टुडिओ नामे गढी आहे. गढी म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर टिनाचे छप्पर. धनी वासुदेवराव फोटोवाले, परंतु राज्य त्यांच्या कुटुंबाचे, सुशीलाबाईंचे. वासुदेवरावांनी लग्नात तीन हजार फोटो मारावे, मग नवरीकडल्यांनी येऊन बाईंपुढे बसावे, आणि बाईंनी चहा पाजून एकेक फोटो दाखवत अल्बमात मावतील तेवढे दीडशे त्यांच्याकडून निवडून घ्यावे, ऐसा शिरस्ता. कोणता काका कोणावर रुसला आणि कोणती मामी डावीकडून बरी दिसते, हे बाईंस मुखपाठ. शेवटी चहाचे कप उचलताना बाई एकच सवाल करीत, "पाहा जी, कोणी राहून तं नाई गेलं?" त्यासरशी लोक कपाळास हात लावीत, आणि कोणी एक आजी ऐन वेळी अल्बमात दाखल होई.

गेल्या माघात बाई गेल्या. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. त्याविषयी अधिक लिहवत नाही.

मग राज्याची घडी विस्कटली. गिऱ्हाईक येऊन बसे आणि वासुदेवरावांस बोलणे सुचत नसे, चहाही विसरत. मग पेनड्राईव्ह रवाना केले, ते घरोघर फिरून गडप जाहले. मग व्हॉट्सअॅपवरून फोटो धाडले, ते असे धुरकट पोहोचले की नवरी कोणती आणि मांडवाचा खांब कोणता हे घरच्यांस कळेना. दोन लग्नांचे अल्बम अडकले. अशात वैशाखात शहापूरच्या फकिराजींची कन्या राखी हिचे लग्न जाहले. फकिराजी तलावावरच्या मासेमार सोसायटीचे मातब्बर. फोटो दोन हजार सातशे शहाऐंशी. फकिराजींचा खलिता आला की, "पोरगी पोळ्याले माहेरी येईन, तवा अल्बम पाह्यजे. नाई तं मी भंडाऱ्याचा फोटोवाला पाहीन."

वासुदेवरावांनी मनाशी ठरविले की हाही अल्बम अडकला तर गढी सोडावी आणि बाईंच्या नावाची पाटी उतरवावी. त्यासाठी शिडी आणून भिंतीस टेकवून ठेविली.

ज्योत्सनाबाईंनी शिडी पाहिली आणि मसलत दिली की, आपले यजमान मंगेशराव वरठीच्या कारखान्यात कॉम्प्युटरावर चाकरीस आहेत, ते एक लिंक बनवून देतील. गिऱ्हाईकाने घरी बसून मोबाईलात फोटो पाहावे, पसंत त्यावर बदाम दाबावा, दीडशे बदाम भरले की यादी इकडे यावी. मसलत उत्तम, परंतु मंगेशराव पडले जावई. जावयास काम सांगू नये, त्याच्या कामात खोट काढू नये, आणि उपाशी तर सोडूच नये, हा सुशीलाबाईंचा हुकूम. तो रद्द करण्याचा अखत्यार आता कोणास राहिला नव्हता.

मग दर रविवारी मंगेशरावांची स्वारी मोटरसायकलीवरून मोहाडीस दाखल होऊ लागली, आणि वासुदेवराव स्वहस्ते तलावाच्या मासळीचा रस्सा करू लागले. पहिल्या रविवारी लिंक उघडली तो नवरदेवाचे बाशिंग आले, आणि नाक यावयास जेवण उरकले. फोटो फार वजनदार, नेट अशक्त. मंगेशरावांनी सर्व फोटोंच्या लहान नकला करविल्या, मग नाक लवकर येऊ लागले. दुसऱ्या रविवारी बदाम बसले. तिसऱ्या रविवारी बदाम मोजले जाऊ लागले. चौथ्या रविवारी मंगेशरावांनी हात धुऊन विचारले, मामाजी, कसे वाटते? वासुदेवरावांस तत्क्षणी दिसले की लिंकेस कुलूप नाही, जो येईल तो बदाम दाबील. परंतु जावयाच्या कामात खोट काढणे नाही. सबब "वा" म्हणाले आणि आणखी रस्सा वाढला.

लिंक शहापुरास रवाना जाहली. फकिराजींनी हर्षभरे ती पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकली. मग काय विचारावे. साऱ्या मुलखातून फौजा लोटल्या, आणि जो तो स्वतःचा फोटो शोधून त्यावर बदाम दाबू लागला. वरठीच्या मामाने आपण जेवतानाचे अकरा घेतले. नवरदेवाचा दोस्त विक्की याने आपल्या नाचाचे एकसष्ट पटकाविले. दोन दिवसांत बदाम एक हजार नऊशे चौदा. अंतरपाट दूर होतो तो फोटो, जो वासुदेवरावांनी बाजेवर उभे राहून जिवाच्या कराराने मारला होता, त्यास बदाम मिळाले दोन. एक नवरीचा, दुसरा भटजींचा, कारण त्यात भटजी होते.

पाचव्या रविवारी सकाळीच फकिराजी खासे चालून आले. "वासुदेवराव," ते म्हणाले, "लगन माह्या पोरीचं होतं का त्या विक्कीचं?" आणि चहा न घेता गेले, कारण कोणी विचारलाच नाही.

मग वासुदेवराव उठले आणि शिडी चढू लागले. तिसऱ्या पायरीवर असता ज्योत्सनाबाई रश्शासाठी वाटण घेऊन पोहोचल्या.

"काहून चढून राहिले बाबा?"

"लिंकेले कुलूप नाही. मले पहिलेच दिसलं होतं."

"मग त्यायले सांगा ना."

"जावई आहेत ते. तुह्या आईनं मना केलं होतं."

"आईनं माणसाले नावं ठेवाले मना केलं होतं. लिंकेले नाही."

ऐसे बोलून त्यांनी फोन लावला आणि शिडीवरच हाती दिला. मोठा बिकट प्रसंग. वासुदेवरावांनी एका दमात सांगून टाकले.

"मामाजी, मग 'वा' काहून म्हणलं?" मंगेशराव म्हणाले. "मी तं वाट पाहून राहिलो होतो, तुम्ही काहीतरी चूक काढान म्हणून." आणि पुढे म्हणाले, "आता निघालंच आहे तं सांगतो. रश्शात मीठ दोनदा पडते. चारही रविवार."

वासुदेवराव शिडीवरच हसू लागले. माघानंतर प्रथमच. ज्योत्सनाबाईंनी शिडी घट्ट धरली, कारण ती हलू लागली होती.

मग बोली ठरली. कुलूप लागेल, किल्ली एकट्या राखीच्या मोबाईल नंबराची, बाकीच्यांनी पाहावे, दाबू नये. तेव्हा वासुदेवरावांनी धीर करून आणखी एक काम सांगितले, की दीडशे भरले म्हणजे लिंकेने लगेच यादी धाडू नये, आधी एक सवाल करावा. सवालाचे शब्द त्यांनी सांगितले आणि मंगेशरावांनी ते तसेच लिहून घेतले. शुद्ध करू का, ऐसे विचारले नाही.

राखीने सासरी बसून दीडशे निवडले. धाडण्याचे बटण दाबले तो पडद्यावर अक्षरे उमटली, "पाहा जी, कोणी राहून तं नाई गेलं?" मग यादी दीड तास आली नाही. वासुदेवराव मोबाईल समोर ठेवून बसले. आली तेव्हा त्यातून विक्कीचा उरलेला एकमेव नाच कटला होता, आणि त्या जागी सखाबाई दाखल जाहल्या होत्या. सखाबाई म्हणजे राखीची विधवा आत्या. लग्नाचे तिन्ही दिवस चुलीपाशी होत्या, मांडवात आल्याच नाहीत. सर्व फोटोंत त्यांचा एकच, भाताच्या गंज-पातेल्यामागे, पदराने घाम पुसताना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अल्बम शहापुरास पोहोचला. फकिराजींनी बहिणीचे पान उघडून तिच्यापुढे धरले. सखाबाई म्हणाल्या, "भात चांगला झाला होता." मग फकिराजींनी वासुदेवरावांच्या पिशवीत दोन मोठे मरळ मासे टाकले, आणि अडकलेले दोन्ही अल्बमही त्याच लिंकेवरून मार्गी लागले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शिडीवर चढून पाटी पुसून घेतली आणि शिडी ज्याची त्यास परत दिली. रश्शात मीठ आता एकदाच पडते.

हे वासुदेवाने स्वहस्ते लिहिले. लिहून जाहल्यावर, कोणी राहून गेले की काय म्हणून, एकवार वाचून पाहिले. नाही. सुशीला आली आहे.