मालक मुंबईला असतात

माझ्या बातमीत चूक काढून दाखवा! हे आव्हान मी कर्जत तालुक्यातल्या प्रत्येक सरपंचाला दिलेलं आहे. मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी. नाव, वय, गाव, हुद्दा तपासल्याशिवाय ओळ पुढे जात नाही. वीज पडून म्हैस दगावली तर म्हशीचंही वय विचारून घेतो. शोकात असलेला शेतकरी चिडतो, पण वय सांगतो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापायची वेळ आलेली नाही.

अशा माणसाबद्दल साऱ्या जगाला चुकीची माहिती मिळावी, ती माझ्याच अंगणातून मिळावी, आणि मी तोंड वाजवूनही कुणी ती दुरुस्त करू नये! सांगतो.

आमचं घर दहिवलीच्या पुढे, रस्त्यापासून आत. पार्सलवाल्यांना ते कधीच सापडत नाही. एकदा तर माझ्या चपलांचं पार्सल घेऊन एक जण भिवपुरीच्या वीज कॉलनीत पोचला आणि तिथून फोनवर मलाच ओरडला, "काका, तुमचं घर हलवलंत काय?" तेव्हा आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे स्वप्नीलने, मनावर घेतलं. तो शेलूला एका बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट विकतो. त्यामुळे जी गोष्ट नाही ती आहे असं सांगण्यात त्याचा हात बसलेला आहे. त्याने फोनमधल्या नकाशावर आमचं घर टाकलं. 'ठोंबरे व्हिला'. आणि खाली प्रकार निवडला, 'होमस्टे'.

"होमस्टे कशाला रं?" मी विचारलं.

"नुसतं घर टाकलं तर कुणाला दिसत नाय, बाबा. होमस्टे टाकलं की पटकन दिसतं."

दिसलं! पुढच्याच शनिवारी दिसलं! मी बनियन आणि हाफ पँटवर पडवळाच्या वेलाला पाणी घालत होतो. फाटकात एक गाडी थांबली आणि तिच्यातून गॉगल, पिशव्या, एक गिटार आणि चार तरुण माणसं उतरली.

"अंकल, चेक-इन इधर ही है ना?"

मी त्यांना शांतपणे विचारलं, नाव काय, कुठून आलात, करता काय. सवय! तेवढ्यात आमची सौ. सुंदरा पदराला हात पुसत बाहेर आली.

"अवो, उन्हातानाची आलीत पोरं, पानी तरी विचारा! नावं काय विचारताय?"

पाण्यामागून चहा आला. चहामागून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आली. दारात आलेल्याला नुसत्या पाण्यावर पाठवायची सुंदराच्या माहेरी पद्धत नाही, आणि माझ्या घरात तिच्याच माहेरची पद्धत चालते. पोरं जेवली, माझ्या झोपाळ्यावर झोपली, संध्याकाळी आंटीच्या पाया पडून गेली. मला वाटलं, चुकून आली होती, गेली. विषय संपला.

रात्री स्वप्नीलने फोन पुढे केला. "बाबा, रिव्ह्यू आलाय!"

'आंटी के लिए पाँच स्टार. भाकरी जबरदस्त. केअरटेकर अंकल खडूस हैं. बनियान में घूमते हैं और पुलिस जैसे सवाल पूछते हैं.'

खाली माझा फोटो. हातात पाइप. फोटोखाली एकच शब्द, 'केअरटेकर'!

सातबारा माझ्या नावावर, घरपट्टी माझ्या नावावर, आणि मी केअरटेकर! मी ताबडतोब त्या पानावरचं 'मीच मालक आहे' असं बटण दाबलं. उत्तर आलं, दुकानाच्या पाटीचा आणि काउंटरचा व्हिडिओ पाठवा. मी सातबारा पाठवला. उत्तर आलं, 'या जागेशी तुमचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही.' तलाठ्याला जे पटतं ते यांना पटत नाही! स्वप्नीलने पान काढून टाकायचा प्रयत्न केला, तर 'जागा अजून सुरू असल्याचे इतर वापरकर्त्यांनी कळवले आहे.' म्हणजे माझं घर बंद आहे की चालू, हे गिटारवाला ठरवणार!

कर्जतच्या बाजारात अब्रारचं मोबाइलचं दुकान आहे. अब्रार माझा जुना मित्र. मी तिथे जाऊन तणतणलो.

"किशोरभाई, शांत व्हा," तो म्हणाला. "रिव्ह्यूला रिव्ह्यूनेच उत्तर द्यायचं असतं. तुमी पण लिवा ना. लिवण्यातच तर तुमची हयात गेली."

हे मला पटलं. मी त्याच्या काउंटरवरच खुलासा लिहिला : 'सदर ठिकाणाबाबत प्रसिद्ध झालेला मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही. सदर वास्तू ही होमस्टे नसून खासगी निवासस्थान आहे. येथे मी, पत्नी सुंदरा व चिरंजीव स्वप्नील असे तिघे राहतो. छायाचित्रातील व्यक्ती केअरटेकर नसून घरमालक आहे. किशोर ठोंबरे, तालुका प्रतिनिधी.'

पण पाठवायला जावं तर स्टार दिल्याशिवाय पुढे जाईना.

"द्या पाच आन मोकळे व्हा," अब्रार म्हणाला.

"स्वतःच्या घराला पाच? हितसंबंध आहे माझा!"

"मंग तीन द्या."

"कशाबद्दल? होमस्टे म्हणून या घरात काय सोय आहे? खोली मिळत नाही, जेवण मिळेलच असं नाही, केअरटेकर नाही. वस्तुस्थितीला धरून एकच बसतो."

"किशोरभाई," अब्रार कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमी लय अवघड हाय."

घरमालकाने स्वतःच्याच घराला एक स्टार दिल्याची ही तालुक्यातली बहुधा पहिलीच घटना! ती सुंदराला कळली. "परक्या पोरांनी पाच दिले आन घरच्या मानसाने एक!" त्या रात्री माझ्या आमटीत मीठ नव्हतं.

खुलाशाचा परिणाम शून्य. शनिवार-रविवारी गाड्या येतच राहिल्या, सुंदरा पाणी देतच राहिली, आणि रात्री मी केअरटेकरबद्दल काय लिहिलंय ते वाचत बसू लागलो. 'केअरटेकर हसत नाहीत.' मी आरशात पाहिलं. खरंच हसत नाही की काय? 'केअरटेकरांचा अवतार बघवत नाही.' मी शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालू लागलो. मग एके दिवशी आलं, 'केअरटेकर आता पुष्कळ सुधारले आहेत.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"कुनाबद्दल हाय ते?" सुंदराने विचारलं.

"माझ्याबद्दल!"

"मंग तुमी केअरटेकर हाय?"

मी फोन खिशात घातला.

बाहेर तर विचारूच नका. नवे अधिकारी रुजू झाले म्हणून मुलाखतीला गेलो, तर ते माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. हां, आठवलं! भाकरी छान असते तुमच्याकडे!" मी वहीत त्यांचं नाव चुकीचं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा!

शेवटी वैतागून मला एक मंत्र सापडला. गाडी थांबली की वाद घालायचा नाही. नम्रपणे पुढे व्हायचं आणि म्हणायचं, "मालक मुंबईला असतात. इथे कुणी राहत नाही." गाडी वळायची! ना पाणी, ना भाकरी, ना फोटो! मीच मालक म्हणून ऊर बडवत होतो तेव्हा एकही गाडी हलत नव्हती. खोटं बोललो आणि रस्ता मोकळा!

याच सुमारास स्वप्नीलचं लग्न जमू लागलं. मुलगी खालापूर तालुक्यातली, अक्षदा. खोपोलीला एका लॅबमध्ये नोकरी करते. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, मग आठवडाभर फोनच ठेवला नाही. आता उरलं होतं ते घर बघणं. आमच्याकडे सुपारी फुटायच्या आधी मुलीकडची मोठी माणसं मुलाचं घर बघायला येतात. विहीर बघतात, छप्पर बघतात, बोलता बोलता शेजारच्याला विचारून घेतात की माणसं कशी आहेत. अक्षदाचे वडील पोपटराव मी अजून पाहिले नव्हते, पण या बाबतीत ते फार कडक असं ऐकून होतो. आधीच्या एका स्थळाने मित्राचा बंगला आपला म्हणून दाखवला होता. तेव्हापासून ते भिंतीलाही हात लावून बघतात म्हणे.

स्वप्नील रोडावला होता. "बाबा, माझं सगळं त्या दिवसावर हाय. तुम्ही फक्त शांत राहा. त्यांचं वय बिय विचारू नका."

"मी एक शब्द जास्त बोलणार नाही," मी वचन दिलं.

रविवारी दुपारी जेवायला यायचं ठरलं होतं. सकाळीच सुंदराने स्वप्नीलला पेढ्यांसाठी कर्जतला पिटाळलं, स्वतः चुलीपुढे बसली आणि मला अंगण झाडायला लावलं. इस्त्रीचा शर्ट खुंटीला. अंगात बनियन, हातात खराटा. फाटकात एक मोठी पांढरी गाडी थांबली. गॉगल लावलेले एक गृहस्थ आणि एक वयस्क बाई उतरल्या. गृहस्थांनी फोनमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच ते केअरटेकर ना? फोटो पायला तुमचा."

आली पुन्हा ब्याद! आणि नेमकी आज! पाहुणे यायच्या आत यांना वाटेला लावायलाच हवं. मी खराटा टेकवून नम्रपणे म्हणालो, "हो, मीच. मालक मुंबईला असतात."

"मुंबईला? मंग इथं कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही."

गृहस्थांनी गॉगल काढला. "आन मालकाचा मुलगा?"

आता खोलात शिरतायत! मी मंत्राला थोडी फोडणी दिली. "कसला मुलगा! मालकांना मूलबाळच नाही."

बाई मटकन फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या. "बाय बाय बाय! पोपटा, परत तसंच रं!"

पोपटा!

माझ्या हातातला खराटा आपोआप खाली पडला. "आपण... खालापूरहून?"

"बायजाआत्या, उठ. गाडीत बस," पोपटराव म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. ओरडले असते तर परवडलं असतं.

"अहो थांबा! मीच मालक! मीच मुलाचा बाप! किशोर ठोंबरे, तालुका प्रतिनिधी!"

"आत्ता केअरटेकर व्हतास ना रं?"

मी धावत जाऊन ओळखपत्र आणलं. त्यावरचा फोटो काळ्या केसांचा, भरघोस मिशीचा. बायजाआत्यांनी तो लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, "ह्यो दुसराच हाय!"

तेवढ्यात स्वप्नील पेढे घेऊन मोटरसायकलवरून आला. वाकून नमस्कार करणार, तर पोपटरावांनी पाय मागे घेतले.

"घर कोनाचं?"

"आमचं."

"ह्यो कोन?"

"माझे बाबा."

"तुझा बाप म्हन्तोय मालकाला मूलबाळच नाय!"

स्वप्नीलने माझ्याकडे पाहिलं. मंडळी, तसं त्याने माझ्याकडे पुन्हा कधी बघू नये! सुंदरा हातात झारा घेऊन बाहेर आली होती. ती काही बोलणार इतक्यात मागे दुसरी गाडी थांबली. खिडकीतून गिटारवाला ओरडला, "अरे, वही केअरटेकर अंकल! फोटोवाले! आंटी, भाकरी है?"

पोपटरावांना आणखी साक्षीदार नको होता. त्यांनी फोन लावला. "अक्षदा, हितं फसवाफसवी हाय. पोरगं आपल्या कामाचं नाय."

फोनमधून मुलीचा आवाज अंगणभर घुमला. "पप्पा, थांबा! त्या घराचे सगळे रिव्ह्यू मी वाचलेत. खाली एक स्टारवाला हाय, तो ऐका." आणि तिने माझा खुलासा खणखणीत वाचला! सदर वास्तू, खासगी निवासस्थान, पत्नी सुंदरा, चिरंजीव स्वप्नील, सगळं! "आन तारीख बघा, पप्पा. आपली वळख बी नव्हती तेव्हाचं हाय. तेव्हा आपल्याला फसवायला कोन कशाला लिवंल?"

पोपटराव माझ्याजवळ आले.

"सोताच्या घराला एकच चांदनी?"

"होमस्टे म्हणून... वस्तुस्थिती तेवढीच होती," मी पुटपुटलो.

"अवो, मानसं गोठ्याला बंगला म्हन्तात! आन तुमी..." ते भिंतीपाशी गेले, हात लावून पाहिला, आणि हसू दाबत म्हणाले, "आत्ये, पोरगी हितं उपाशी नाय मरायची. पन सासऱ्याशी बोलताना तेवढं जपायला लागंल."

सगळे जेवले. गिटारवालेही जेवले, कारण ते दारात आले होते. विहीर बघून झाली, पेढे वाटले, सुपारी फुटली. एवढं रामायण झालं तरी स्वप्नील जेवताना माझ्याकडे पाहून एकदा हसला. मी मनात म्हटलं, किशोरराव, शेवटी तुमचा अचूकपणाच कामी आला!

रात्री सवयीने फोन उघडला. नवा रिव्ह्यू होता, पोपटरावांचा : 'घर पक्कं. जेवण एक नंबर. मालक देवमाणूस, असा खरा माणूस मिळणार नाही. पण केअरटेकर खोटं बोलतो, तो तेवढा बदलावा.'

मी खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात लक्षात आलं, त्या मजकुराला एका व्यक्तीने अंगठाही दिला होता. नाव होतं, सुंदरा ठोंबरे.