निंबार्ते सरांचा लागलेला भात

दर रविवारी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीत भात करपल्याचा वास सुटतो. मोहाडीत ही लहान गोष्ट नाही. गावाभोवती सगळ्या धानाच्या बांध्या. इथलं शेंबडं पोरही बोटाचं पेर बुडवून भातात पाणी किती घालायचं ते सांगतं. आणि आमचे शेजारी निंबार्ते सर, शाळेत विज्ञान शिकवणारे, आठवड्यातून एकदा भात रांधतात आणि न चुकता करपवतात. गल्लीतल्या पोरांनी त्याला ‘डेन्मार्कचा भात’ असं नाव ठेवलं आहे.

मी त्याच शाळेत गणित शिकवतो आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्यामुळे सरांचं शाळेतलं बोलणं आणि घरातलं बोलणं दोन्ही मला ऐकू येतं. दोन्हींचा मेळ मला गणित शिकूनही कधी घालता आला नाही.

डेन्मार्कला जाण्यापूर्वी सरांना घरातली शेगडी कोणत्या भिंतीला आहे हे तरी ठाऊक होतं की नाही, शंका आहे. तहान लागली की ते स्टीलचा गिलास फरशीवर आपटत. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की चहा. वहिनी परसात भांडी घासत असोत की देवापुढे बसलेल्या असोत, धावत येत. कधी कधी भिंतीअलीकडे माझी बायकोही सवयीने उठून उभी राही आणि मग माझ्याकडे रागाने पाही, जणू गिलास मीच आपटला.

मागच्या वर्षी डेन्मार्कच्या एका शाळेने आमच्या शाळेशी सोयरीक जुळवली. इकडची मुलं तिकडे जाणार, तिकडची इकडे येणार आणि सगळी मिळून स्त्री-पुरुष समानता शिकणार. चार मुली, चार मुलं आणि एक शिक्षिका असं ठरलं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की विषय समानतेचा आहे, तेव्हा एक पुरुष शिक्षकही हवा. पासपोर्ट फक्त निंबार्ते सरांकडे होता. दुबईला भाच्याकडे जायचं म्हणून त्यांनी तो काढला होता. पासपोर्ट येईपर्यंत भाचाच परत आला. अशा रीतीने ज्या माणसाने जन्मात स्वतःचं उष्टं ताट उचललं नाही, त्याला समानता शिकायला विमानाने पाठवण्यात आलं.

माझी मुलगी प्राची त्या चार मुलींत होती, म्हणून तिथलं सगळं मला कळलं. पहिल्याच संध्याकाळी तिकडच्या एका शिक्षिकेने पाहुण्यांना घरी जेवायला बोलावलं. स्वयंपाक तिच्या नवऱ्याने केला होता. सर त्याच्याकडे पाहून हळूच म्हणाले, “बिचारा.” मग जेवताना त्यांना ठसका लागला आणि हात आपोआप गिलासाकडे गेला. त्यांनी तो टेबलावर आपटला.

“बाबा, सगळे एकदम चूप झाले,” प्राची सांगत होती. “काटे-चमचे खाली ठेवले न सरकडे पाहून राहिले. तिकडं गिलास वाजवला म्हणजे भाषण करायचं असते.”

“मंग?”

“मंग काय, सर उभे राहिले. समानतेवर बोलले. खोकत खोकत. टाळ्या पडल्या, पण पाणी कोणीच नाही दिलं.”

हे ऐकून मी आठवडाभर हसत होतो. पण प्राचीने पुढचं सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा उतरला होता. तिकडच्या शाळेत ठरलं होतं की शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरातल्या बाईला आवडणारा पदार्थ स्वतः रांधायचा. तिथल्या शिक्षिका बाई एकेकाला विचारून फळ्यावर लिहीत होत्या. प्राचीने सांगितलं, माझ्या आईला पातोडी आवडते. (हे मलाही तेव्हाच कळलं.) सरांची पाळी आली. सर छाती काढून चांगल्या इंग्रजीत म्हणाले, माझ्या बायकोचे काही नखरे नाहीत, मी जेवून जे उरतं ते ती खाते.

“कोणीच हसलं नाही, बाबा. बाई खडू घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मंग सरच खाली पाहाले लागले.”

फळ्यावर सरांच्या नावापुढची जागा कोरी राहिली. शेवटच्या दिवशी बाकीचे रांधत होते आणि सर एका कोपऱ्यात बटाटे सोलत होते. सालीबरोबर अर्धा बटाटाही जात होता म्हणे.

परत आल्यावर सरांनी शाळेत समानता लागू केली. झाडू मुलांच्या हाती, घंटा मुलींच्या हाती. कोणी हूं का चूं केलं की ठरलेलं वाक्य, “तिकडं असं नसते. समानता म्हणजे समानता, वाद नाही पाहिजे.” घरीही हाच खाक्या. पहिल्याच रात्री भिंतीतून फर्मान ऐकू आलं.

“आजपासून तू माह्यासोबत जेवाचं. माहा हुकूम आहे.”

“मी मंग जेवतो ना जी. तुमी जेवून घ्या पयले.”

“बस म्हन्लं नं.”

वहिनी बसल्या. पण भिंतीकडे तोंड करून, आणि पोळी आणायला, मीठ आणायला, काहीच आणायचं नसलं तर तेही आणायला उठत राहिल्या. समानता अशी हुकमाने जेवायला बसवली की तिच्या घशाखाली घास उतरत नाही, हे सरांना कोण सांगणार?

मग सरांनी दुसरा ध्यास घेतला. जेवताना रोज एकच प्रश्न, “तुले काय आवडते?” रोज एकच उत्तर, “तुमाले आवडते ते.” विज्ञानाच्या माणसाने मग प्रयोग सुरू केले. बाजाराच्या दिवशी जिलबी आणली, मग पेढे, मग गरम भजी. वहिनी एक तुकडा तोंडात घालत, “चांगली हाये” म्हणत आणि उरलेली पुडी परसातल्या भिंतीवरून माझ्या बायकोकडे देत. सरांच्या या संशोधनाच्या काळात माझं वजन वाढलं. सर मात्र ओटीवर बसून विचारात पडलेले दिसत. परीक्षेला बसलेल्या पोराला प्रश्नच कळू नये तसे.

आणि एका रविवारी भात करपला.

पहिल्यांदा सगळ्यांनी माफ केलं. दुसऱ्या रविवारी गल्ली हसली. तिसऱ्या रविवारी मी भिंतीवरून म्हणालो, “सर, कुकर लावा ना. तीन शिट्ट्या झाल्या का बंद.”

“गंजातच करतो मी,” सर हातातलं पातेलं दाखवून म्हणाले.

“मंग गॅस तरी बारीक करा.”

“गभणे, तुमी तुमचं गणित पाहा.”

याच माणसाने पूर्वी भाताला नुसता धुराचा वास आला म्हणून भरलं ताट सरकवलेलं मी कानांनी ऐकलं होतं. आता स्वतः करपवतो आणि स्वतःच खातो. देवाच्या घरी न्याय आहे, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. सरही तिथेच वह्या तपासत ऐकत होते.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात वहिनी पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात भाताचा गंज. बुडाची तांबूस, कडक खरवड उलथण्याने सोडवायची, त्यावर कच्चं तेल, मीठ, तिखट टाकायचं आणि कुरुम कुरुम खायची. भिंतीकडे तोंड नव्हतं, मध्ये उठणंही नव्हतं. समोर सर वरचा पांढरा भात घेऊन बसले होते आणि जेवायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते.

मला पाहताच सर घाईने हात धुऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. ओटीवर बसले. माझ्या तोंडावरचा प्रश्न त्यांना दिसला असावा.

“एक दिवस पोट दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आलो,” ते म्हणाले. “तं हे एकटीच बसून गंज खरवडून राहिली होती. डोळे मिटून. मले पाहिलं न गंज पाठीमागं लपवला. आपल्याच घरात, गभणे. चोरावानी.”

मी शिडी विसरून त्यांच्या शेजारी टेकलो.

“इतके वर्ष मले वाटे, उरलं ते खाते. मले लागलेला भात चालत नाही म्हणून ते लागू देत नव्हती. चुकून कधी लागला, तं तेवढीच तिची चंगळ. आताही मुद्दाम लावत नाही. म्हणून मीच लावतो.”

“सर, मी स्टाफरूममध्ये...”

“बोला ना तुमी. सरले भात येत नाही म्हना. तिले समजलं का मी मुद्दाम करतो, तं लाजून सोडून देईल खाणं.”

एवढ्यात आतून गिलास वाजला. हळूच, भीत भीत, एकदाच. तिखट जास्त झालं असावं. लगेच कोणीतरी तो हाताने दाबून धरल्यासारखा आवाज थांबला.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “आलो, आलो,” म्हणत ते उठले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले.