हिरव्या पाण्याची टाकी

अंकितानं कॉम्प्युटरात पाणी भरून घेतलं, तेव्हापासून तिच्या खोलीत वडिलांच्या, म्हणजे चन्नप्पांच्या, फेऱ्या वाढल्या. बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. प्रवासी झोपलेला दिसला की हा जागा आहे, असं धरून चालायची त्यांना सवय होती.

"हे पाणी जातं कुटं?"

"कुठंच नाही, अप्पा. नळीतून नुसतं फिरतं."

"नुसतं कोण फिरतं?"

अंकितानं पुन्हा समजावलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं की काम लवकर उरकतं, पण डोकं तापतं. ते गार ठेवायला एकतर मोठा पंखा लावायचा, नाहीतर नळ्यांतून पाणी खेळवायचं. दुकानदार बिलालनं दोन्ही वस्तू देऊन ठेवल्या होत्या. चालेल ती ठेवायची, दुसरी परत करायची. गच्चीखालची तापलेली खोली बघून तिनं पाणी निवडलं होतं. संध्याकाळी सहाला बार्शीची मंडळी तिनं जोडलेली त्यांच्याकडच्या लग्नाची फिल्म न्यायला येणार होती. वेळेत मिळाली, तर त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं कामही अंकितालाच.

"आणि हिरवं कशापायी?"

"छान दिसावं म्हणून रंग असतो."

"चांगल्या पाण्याला रंग लागत न्हाय," चन्नप्पा म्हणाले.

कॉम्प्युटरवर फिल्म तयार व्हायला लावून अंकिता पेनड्राइव्ह आणायला गेली, आणि घरोघरी डासांच्या अळ्या तपासणारी नगरपालिकेची यास्मीन दारात आली.

"पाणी कुठं कुठं साठवलंय, काका?"

चन्नप्पांनी बॅरल दाखवलं, माठ दाखवला. मग आवाज खाली आणला. "आणखी एक जागा हाय. पोरगी सांगू देत न्हाय."

यास्मीननं कॉम्प्युटरातल्या छोट्या काचेच्या टाकीवर टॉर्च मारला. हिरव्या पाण्यात काहीतरी वरखाली होत होतं.

"बुडबुडे असतील," ती म्हणाली.

"असतील म्हणजे?"

आता यास्मीनलाही शंका आली. "रिकामी करा ना ही."

"मला कुटं उघडता येतीय?"

"मग कापडानं घट्ट बांधून ठेवा. संध्याकाळी येऊन बघते परत."

नियम म्हटला की चन्नप्पा अर्धवट काही करत नसत. त्यांनी कपाटातली जाडजूड चादर काढली, आख्ख्या कॉम्प्युटरला गुंडाळली आणि सुतळीचे वेढे आवळले. डासच काय, वारासुद्धा शिरू नये अशी गाठ मारली.

अंकिता आली तेव्हा कॉम्प्युटर तापून बंद पडला होता.

"अप्पा, पाणी गार करायला आत पंखे असतात. ते कोंडले की हो!"

"म्हंजे पंखा पण हाय? ते तू बोलली न्हाईस."

वाद घालायला वेळ नव्हता. ती बाई परत येऊन टाकीच रिकामी करायला लावणार, हे ऐकल्यावर अंकितानं नळ्या काढल्या, बिलालचा मोठा पंखा बसवला आणि फिल्म पुन्हा सुरू केली. पण पंखा गरम हवा त्याच खोलीत सोडत होता. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढू लागला.

"वेग कमी केला तर सहाला होत नाही, आणि नाही केला तर हा परत बंद पडतो," ती म्हणाली.

चन्नप्पा उठले. आपल्या खोलीतला कूलर त्यांनी ढकलत आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. उन्हाळाभर ते त्यात वरून बादली ओतत आले होते. तळ काही त्यांनी पाहिला नव्हता. सकाळी हिरव्या टाकीच्या नादात यास्मीन त्या खोलीत गेलीच नव्हती.

आकडा उतरला. फिल्म संपत आली, आणि बाहेरून हाक आली.

"टाकी काढली," चन्नप्पा दारातच म्हणाले. "आता सगळं हवेवर हाय."

"मग आत पाणी कशाचं पडतंय?"

"कुटं?"

यास्मीननं टॉर्च काढला. तिनं कूलर बघितला तर तो आत्ताच उपसायला लावणार, हे चन्नप्पांनी ओळखलं. ते चौकटीला हात लावून उभे राहिले. "तुमचं ओळखपत्र बघू."

"सकाळी तर येऊन गेले की, काका."

"सकाळचं सकाळी."

तिनं ते दिलं. चन्नप्पांनी चष्मा पुसला. पुढून वाचलं, मागून वाचलं. फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"अप्पा, झाली फिल्म," आतून अंकिताचा आवाज आला.

चन्नप्पांनी ओळखपत्र परत केलं आणि बाजूला सरले.

"या मॅडम, आत या. त्यो कूलर तेवढा नीट बघा. मला पहिल्यापास्नं त्याचा संशय हाय."