सबनीसकाका फुलं बघायला जातात

सबनीसकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बसायच्या आधी मागचं दार कुठे आहे ते विचारतात.

आयर्लंडमधल्या ओंगारला मी त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा ते पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"या ना काका, बसा."

"बसतो. मागचं दार उघडतं ना? की रंगाने चिकटलंय?"

चिकटलेलं होतं. दोघांनी खांदे लावून ते उघडलं. मग काकांनी बॉयलर पाहिला. जिन्याखालची प्रेस उघडून आत नाक घातलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. एवढं झाल्यावर सोफ्याच्या कडेवर टेकले आणि पेढा पुढे करत म्हणाले, "घर छान आहे. बॉयलर जुना आहे. त्यातून जो वायू सुटतो ना, त्याला वास नसतो. माणूस झोपतो तो झोपतोच. घाबरवत नाहीये हं मी, सांगून ठेवतोय."

मी नागपूरचा. चाळीच्या गच्चीवर पतंगामागे धावत मोठा झालेला माणूस. पण त्याच संध्याकाळी जाऊन वायूचा अलार्म आणला. दुसऱ्या दिवशी अजून एक आणला, पहिला बिघडला तर असावा म्हणून. काकांची भीती सर्दीसारखी होती. त्यांच्याजवळ बसलं की लागायची.

ते एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. प्रोग्रॅम कुठे मोडेल हे शोधण्याचा त्यांना पगार मिळतो. कचेरी सुटल्यावर उरलेलं जग ते फुकट तपासतात. पोर्टलीशला एका बारशाचं आमंत्रण होतं, तर काका आधीच्या रविवारी जाऊन रस्ता बघून आले. "वळणं ठीक आहेत," म्हणाले, "पण एका शेतात घोडा आहे. कुंपण कमी उंचीचं आहे." बारशाला जाताना आमच्या गाडीतले सगळे त्या घोड्याची वाट बघत गेलो. घोडा आला, पण कुंपणाच्या आतच उभा राहून गवत खात होता. काका म्हणाले, "आजच्यापुरता."

वादळाचा इशारा आला की ते स्वतःचा बाथटब पाण्याने भरायचे आणि मग माझा भरायला यायचे. पलीकडच्या घरातला ब्रेंडन, निवृत्त प्लंबर, हे सगळं कुंपणावरून बघायचा आणि ओरडायचा, "इट'ल बी ग्रँड!" म्हणजे काही होत नाही. या देशातलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच आहे, असं काकांचं ठाम मत. "ग्रँड म्हणजे काय? छप्पर तपासलंय का याने?"

मेधाकाकू त्यांच्या अगदी उलट. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहेत. शांत आणि भरभर कामं उरकणाऱ्या. "मी दिवसभर खरे आजार बघते रे," त्या मला म्हणायच्या, "घरी आले की यांचे."

तर असे हे काका जानेवारीतल्या एका काळोख्या दुपारी माझ्याकडे आले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले. मग म्हणाले, "निखिल, कोरियाला येतोस? मार्चमध्ये. फुलं बघायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिथे दक्षिणेला सॉमजिन नावाची नदी आहे. तिच्या काठच्या टेकड्यांवर प्लमची झाडं आहेत. वसंत लागता लागता पानांच्या आधी फुलं येतात. पांढरी. मग वरच्या खेड्यांत पिवळी. गावोगाव जत्रा भरतात." हे सगळं ते शाळेतल्या कवितेसारखं, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

इतक्या वर्षांत मी या माणसाला डॅफोडिलकडे वळून बघताना पाहिलं नव्हतं. बघितलंच तर शिंकण्याआधी बघायचे.

"काका, तुम्हाला फुलं आवडतात?"

"न आवडायला काय झालं?" ते जवळजवळ चिडलेच. मग नेहमीचा आवाज आला. "अर्थात, जिथे फुलं तिथे मधमाश्या. जत्रा म्हटली की गर्दी. शिवाय त्या दिवसांत वाळवंटाकडून पिवळी धूळ येते. वर उत्तरेचा शेजारी आहेच. घाबरवत नाहीये, सांगून ठेवतोय."

पुढचे काही आठवडे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कोरिया पसरलेला होता. बसचे मार्ग, खेड्यातल्या खानावळी, तापवलेल्या जमिनीवर गादी घालून झोपायच्या खोल्या. जमीन तापते म्हणजे खालून तापते, म्हणजे खाली काहीतरी जळतं, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. माशाचे काटे, बोगदे, भूकंप, सगळ्यांचा विचार झाला. मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. एवढी भीती वाटते तर हा माणूस जातोय कशाला? तिकीट रद्द करू या, असं मी एकदा गमतीत म्हटलं. काकांचा चेहरा असा उतरला की मी लगेच जीभ चावली.

कोडं काकूंनी सोडवलं. भाजी चिरता चिरता, मान वर न करता.

"सई तिथे आहे ना."

सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेज संपवून कोरियात इंग्रजी शिकवायला गेली होती, एवढं मला माहीत होतं. इथली बरीच मुलं जातात. पण ती त्याच नदीकाठच्या एका छोट्या गावातल्या शाळेत आहे, हे काकांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

"ती गेल्यापासून हे रोज फोन करायचे," काकू म्हणाल्या. "आज भूकंप झाला का, बस कोण चालवतं, दाराला कडी कसली आहे. एक दिवस ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, तुमच्याशी बोललं की मला घराबाहेर पडायची भीती वाटते. मी इथे एकटी आहे, मला हे नाही झेपत. प्लीज फोन नका करू."

"मग?"

"मग नाही केला. वर्ष होत आलं. मी बोलते तेव्हा हे बाजूच्या खोलीत दार उघडं ठेवून बसतात."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "मी विचारलं तिला, बाबा फुलं बघायला तिकडे यायचं म्हणतायत, येऊ देत का? तिने एका शब्दात उत्तर पाठवलं. ग्रँड."

आता हा शब्द मोठा फसवा आहे. हवा ग्रँड आहे म्हणजे छान आहे. पण आयरिश माणसाला चहा विचारला आणि तो 'ग्रँड' म्हणाला, की नको असा अर्थ होतो. काका त्या एका शब्दापाशी अडकून बसले होते. एकदा तर त्यांनी कुंपणापाशी जाऊन ब्रेंडनला विचारलं म्हणे, मुलगी असं लिहिते तेव्हा हो असतं की नाही? ब्रेंडन बराच वेळ विचार करून म्हणाला, ते तिच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे.

"तुम्ही का नाही जात बरोबर?" मी काकूंना विचारलं.

"मी गेले तर हे माझ्या मागे उभे राहतील. तू जा. तुझ्यामागे लपण्याइतका तू मोठा नाहीस."

विमानात काकांनी धोक्याच्या सूचनांचं कार्ड वाचलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी काळजी वाटली. खिडकीबाहेर पंख थरथरत होता. त्यांनी बघितलंही नाही. पुढची आगगाडी, मग बोगद्यांमागून बोगदे घेणारी बस, कशाबद्दलही चकार शब्द नाही. त्यांचे तळहात मात्र सारखे ओले होत होते आणि काका ते पँटला पुसत होते. नेहमीच्या सगळ्या भीत्या मागे सारून एकच मोठी भीती त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. मला माझी काळजी अशी, की ती मुलगी आलीच नाही तर या माणसाला परत कसं न्यायचं?

टेकडीवर पोचलो तर काय सांगू! उतारच्या उतार पांढरे झालेले, खाली हिरवी नदी, हवेत मधासारखा थंड वास. जत्रेत म्हाताऱ्या बायका जांभळ्या, लाल जाकिटांत एकमेकींचे फोटो काढत होत्या. कुठे ढोल वाजत होता, कुठे माशाच्या आकाराच्या गरम पोळ्या भाजत होत्या. मधमाश्या तर होत्याच, ढिगाने होत्या. एक काकांच्या बाहीवर बसली. त्यांनी तिला झटकलंही नाही. ते फुलांकडे पाठ करून खालच्या रस्त्याकडे बघत होते.

सईने दुपारी टेकडीच्या पायथ्याच्या बसथांब्यावर भेटायचं कळवलं होतं. आम्ही फार आधी जाऊन बसलो. एक बस आली, तिच्यातून ती उतरली नाही. काका उठले होते, ते पुन्हा बसले.

"गर्दी असेल," मी म्हणालो.

"हो. असेल."

सई आली ती पायी, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. केस कापलेले, गळ्यात लोकरी मफलर. समोर येऊन थांबली. दोघंही एकमेकांकडे बघत उभे. तिलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा दिसलं. बाबा आता तोंड उघडतील आणि काय म्हणतील याची.

"केस छान दिसतायत," काका म्हणाले.

ती हसली. हाताने केस मागे घेतले, आणि बाही खाली घसरली. मनगटावर शस्त्रक्रियेचा लांब, गुलाबी व्रण होता.

 काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. सईने बाही ओढून घेतली.

सईला मराठी सगळं समजतं, ती बोलते मात्र आयरिश वळणाच्या इंग्रजीत. ती म्हणाली ते मी मराठीतच सांगतो. "थंडीत पडले, बाबा. बर्फावर. आईला माहीत आहे. तुम्हाला सांगू नको असं मीच म्हटलं होतं."

"दुखतं?"

"गारठ्यात थोडं."

"कोण होतं जवळ?"

"घरमालकीण. बाजारात निघाली होती, तिने पाहिलं. हॉस्पिटलात तीच घेऊन गेली. हात बांधलेला होता तोवर तिनेच जेवू घातलं."

काका रस्त्याकडे वळले. "मला त्यांच्याकडे घेऊन चल."

घर जवळच होतं. कौलारू, पुढे कोबीचा वाफा. घरमालकीण सत्तरीची असेल, ठेंगणी, ओल्या हातांनी बाहेर आली. काकांनी तिच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. तीही वाकली. ती वर आली तरी काका वाकलेलेच. म्हणून ती पुन्हा वाकली. असं दोनतीनदा झालं आणि मला हसू आवरेना, तोच काका सरळ झाले आणि चक्क मराठीत बोलू लागले.

"बाई, माझी मुलगी पडली तेव्हा मी नव्हतो. तुम्ही होतात. मी काय बोलू?"

सईने एक क्षण थांबून ते कोरियनमध्ये सांगितलं. म्हातारीने काकांचा हात आपल्या ओल्या हातांत घेतला, थोपटला, आणि काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणतात?"

सई कोबीच्या वाफ्याकडे बघत म्हणाली, "म्हणते, पोरगी शूर आहे, पण हॉस्पिटलात जाताना वाटभर बाबा बाबा करत होती. मला वाटलं तो औषधाचा शब्द असेल."

परत येताना आम्ही त्याच बसथांब्यावर थांबलो. बाकावर ते दोघं, मी जरा लांब, खांबाला टेकून. सई जमिनीकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता, बाबा."

"मी तसाही घाबरलेलाच असतो गं," काका म्हणाले. "तू गेल्यापासून रोज. तिकडे घरात बसून, एकटाच. सांगितलं असतंस तर निदान कशाला घाबरायचं ते तरी कळलं असतं."

सईने गळ्यातला मफलर सैल केला. मग हळूहळू सांगायला लागली. बर्फावर पाय कसा सरकला. हात भलत्याच बाजूला वळलेला पाहून कशी किंचाळली. हॉस्पिटलात डॉक्टर काय बोलतायत ते कळेना, कागदावर सही कशाची करतेय ते कळेना. शुद्धीवर आली तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं, आणि वाटलं की आपण मेलो तर इथे कुणाला आपलं नाव तरी नीट म्हणता येईल का.

प्रत्येक वाक्याला काका आतून हादरत होते. मला ते लांबूनही दिसत होतं.  पण बूट कसले घातले होतेस, बर्फात बाहेर पडलीसच का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. ती थांबली की ते एवढंच म्हणायचे, "मग?"

आणि ती पुढचं सांगायची.

आमची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, जरा वाट पाहिली. बाकावरच्या दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही. मी ड्रायव्हरला हात करून जायला सांगितलं.