मन्साराम मामा आणि आमचा न होणारा कार्यक्रम

आमच्या बँडने किती कार्यक्रम केले, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. किती नाकारले ते विचारा, तासभर सांगत बसेन. आणि ते सगळे एकट्या मन्साराम मामांनी नाकारले. त्यांना वाजवता काही येत नाही. गाणं तर त्याहून नाही.

आम्ही तिघं. मी गिटार वाजवतो, एरवी केशोरीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. राकेश ढोलकीवर. वैशाली गाते, ती अंगणवाडीत आहे. बँडचं नाव ‘झाडीची धून’. सरावाला जागा नव्हती, तेव्हा शेजारच्या मन्साराम मामांनी आपल्या घराला लागून असलेली छपरी दिली. छपरीबरोबर ते स्वतःही आले, हे आम्हाला उशिरा कळलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःला मॅनेजर नेमलं आणि गावभर सांगितलं, की बँडचं काही काम असेल तर आधी माझ्याशी बोला.

तरुणपणी मामा नाटक मंडळीत होते. काम काय, तर पडदा ओढणं. पण त्या पडद्याच्या दोरीवर त्यांनी कलेचं अख्खं शास्त्र बांधलेलं होतं. “लोकाइले पोटभर देऊ नोका,” ते सांगायचे. “भूक ठेवा. पडदा जरासा लवकर पडला पायजे.” आमचा पडदा लवकर पडायचा प्रश्नच नव्हता. तो वरच जात नव्हता.

नवरात्रात गावच्या मंडळाने विचारलं. मामा म्हणाले, आपल्याच गावात वाजवलं तर घर की मुर्गी दाल बराबर. चार दिवसांनी अर्जुनीहून बोलावणं आलं, तर म्हणाले, परगावी आधी कशाला, पहिले आपल्या गावात इज्जत मिळाली पाहिजे. तिरोड्याचे लग्नाचे लोक आले. त्यांना मामांनी चहा पाजला आणि गायिकेचा गळा बसला आहे असं सांगितलं. गायिका त्या वेळी आतल्या खोलीत आलाप घेत होती, तो बाहेर स्पष्ट ऐकू येत होता. “ते तिची बहीण हाय,” मामा म्हणाले.

नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याने दर शनिवारी संध्याकाळी वाजवायला बोलावलं, तेव्हा तर मी नाचायचाच बाकी होतो. मामांनी त्याला फोनवर सांगून टाकलं की वाघाला त्रास होतो.

मी म्हटलं, “मामा, ते रिसॉर्ट जंगलाच्या बाहेर आहे. रस्त्यावर. गेटच्या अलीकडे.”

“वाघाले गेट समजते का बे?”

मी घरी येऊन माठातलं पाणी प्यालो.

बरं, कार्यक्रम नको म्हणजे सराव तरी कमी असावा. तर तसंही नाही. सराव रोज. कोणी आलं नाही की मामा सायकल काढून त्याच्या दारात हजर. राकेशला एकदा ताप होता, तर मामा त्याच्या खाटेजवळ उभे राहून म्हणाले, पडल्या पडल्या वाजवता येते. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तरी वाजवू, असं ते स्वतः म्हणाले होते. मंडई आली तेव्हा म्हणाले, अजून तयारी कच्ची आहे. तोवर वैशालीची गाणी शेजारच्या बकऱ्यांनासुद्धा पाठ झाली असतील.

शेवटी वैशालीच भडकली. आपण बँड आहोत की मामांच्या छपरीतला रेडिओ, असं तिने आम्हाला विचारलं. आम्ही तिरोड्याच्या एका कॉलनीतला कार्यक्रम परस्पर घेतला आणि जायच्या आदल्या दिवशी मामांना सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ते आता पडद्यावर व्याख्यान देतील. ते फक्त “जा” म्हणाले आणि आत गेले.

कार्यक्रम चांगला झाला. लोक नाचले. तिथूनच आणखी दोन ठिकाणची बोलावणी आली, आणि तो सगळा आठवडा आम्ही छपरीकडे फिरकलो नाही. मामांची सायकलही कोणाच्या दारात आली नाही. मला फार मोकळं वाटत होतं.

मग एका संध्याकाळी माझी एक वायर छपरीत राहिल्याचं आठवलं, म्हणून गेलो. राकेशची जुनी ढोलकी जागेवर नव्हती. आतल्या खोलीतून कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर लाटणं मारावं तसा आवाज येत होता, आणि त्यावर वैशालीचं संथ गाणं, पण रेड्याच्या गळ्यातून. मी दारातून डोकावलो.

मामी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या गोंगाटाचा त्यांना त्रास होत असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. समोर भाताची ताटली होती. मामा खाली बसून, मांडीवर ढोलकी घेऊन, डोळे मिटून गात होते.

“बंद... करा,” मामी म्हणाल्या.

“थांब वो, एक कडवं राहिलं.”

डोळे उघडल्यावर त्यांना मी दिसलो. त्यांनी ढोलकी खाटेखाली सरकवली, जणू ती त्यांची नव्हतीच. राकेशचीच होती म्हणा.

“तुमी वाजवून राहता तवा हे जेवते,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “नाई तं तोंड फिरवते. सात दिवस झाले, चार घासाच्या वर गेली नाई. मले गाता येते का बे, सुन्या? पन जेवाले तं पायजे.”

मी म्हटलं, उद्यापासून आम्ही येतो. कार्यक्रमाचं बघू. मामांनी मान हलवली. तेवढ्यात मामींनी डावा हात उचलला. काही सांगायचं असलं की त्या तसं करतात. आम्ही दोघं थांबलो.

“मले बी... घेऊन चाला,” त्या म्हणाल्या. “तिथं.”

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. “तुले तिथं याचं होतं?” त्यांनी विचारलं. “मंग बोलली काऊन नाई?”

मामींनी तशाच भरलेल्या ताटलीकडे बोट दाखवलं. मी वायर न घेताच बाहेर आलो.

पुढच्या आठवड्यात अर्जुनीला वाजवलं. मामींना माझ्या मेव्हण्याच्या गाडीतून नेलं आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकली. मामा शेजारी, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. दोन गाणी मामींनी डोळे मोठे करून ऐकली. तिसरं आमचं सगळ्यात जोरदार, लोक उभे राहिलेले, राकेश घामाने न्हालेला, आणि तेवढ्यात मामा उठून स्टेजसमोर आले आणि दोन्ही हात खाली खाली करू लागले. आवाज कमी करा.

मी मानेनेच विचारलं, का?

त्यांनी मागे बोट दाखवलं. मामींची मान खांद्यावर कलली होती, तोंड जरासं उघडं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या.

तिथल्या मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, मागची पोरं ओरडत होती, आवाज वाढवा म्हणून. मी मनातल्या मनात मामांना देता येतील तेवढ्या शिव्या दिल्या आणि राकेशकडे बघितलं. त्याने थाप बोटांच्या टोकांवर आणली. वैशाली माईकपासून मागे सरकली. मामा पाय न वाजवता खुर्चीपर्यंत गेले, आणि त्यांनी मामींची मान उचलून आपल्या खांद्यावर घेतली.