दस्तगीरभाईंचे पाव्हणे

मोटारीत चढणाऱ्या माणसाला दस्तगीरभाई 'कुठं जायचं' असं आधी विचारत नसत. ते विचारत, "सकाळी काय खाल्लं?"

हाच प्रश्न एखाद्या मामीनं विचारला तर माया वाटते. पण सोलापूरच्या मोटारस्टँडवर, खाकी कोटातला, मेंदी लावलेल्या दाढीचा एक उंच माणूस दारात आडवा हात धरून हे विचारू लागला की भलेभले गडबडत. "नुसता चहा घेतलाय हो," असं कुणी म्हणालं की दस्तगीरभाई किंचित पुढं वाकून हुंगत आणि मान हलवत. "तोंड खोटं बोलतं, पाव्हणं. पोट बोलत न्हाय. भजी हायती. मागं बसा."

मी तेव्हा एका कापडाच्या पेढीचा फिरता विक्रेता होतो. लुगड्यांचे नि चादरींचे नमुने गाठोड्यात बांधून दर बाजाराला सोलापूरहून अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला जात असे. सर्व्हिस मोटारी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमच्या मोटारीवर माणसं दोन. मोटार चालवणारा सिद्राम, तो कधीच बोलत नसे. आणि दस्तगीरभाई, ते दोघांच्या वाट्याचं बोलत. मालकाच्या लेखी ते क्लीनरही होते आणि कंडक्टरही. स्वतःच्या लेखी ते यजमान होते. मोटारीतल्या माणसांना 'पॅसेंजर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पॅसेंजर आगगाडीला असत्यात. हे पाव्हणे हायत," असं ते मालकालाही ऐकवत.

मोटार 'लागणं' हा त्या काळी नवाच रोग होता. बैलगाडीत जन्म काढलेली माणसं मोटारीत बसली की अर्ध्या वाटेत पांढरीफटक पडत. म्हणून दस्तगीरभाईंच्या कोटाच्या उजव्या खिशात लिंबं, डाव्या खिशात चिंच, आणि वरच्या खिशात, जिथं कारकून लोक टाक लावतात तिथं, लवंगांची पुडी असे. जागाही ते पोटावरून देत. ड्रायव्हरशेजारची जागा म्हणजे त्या काळी सिंहासनाच्या खालोखाल. तिथं ते सगळ्यांत नाजूक पोटाचा माणूस बसवत. त्यामुळं धनगराची म्हातारी पुढं आणि संस्थानचा कारकून मागच्या बाकावर धक्के खातोय, असा देखावा मी पुष्कळदा पाहिला आहे.

एकदा एक बाई शेळी घेऊन आली. आता काय होतं ते बघायला आम्ही सगळे माना वळवून बसलो. दस्तगीरभाईंनी शेळीकडं पाहिलं, मग बाईकडं.

"सकाळी काय खाल्लं तिनं?"

"बाभळीच्या शेंगा."

"मग येऊ द्या. ह्या सगळ्यांपेक्षा बरी हाय."

मोटार सुटायच्या आधी ते मागच्या पायरीवर उभे राहून भाषण करत. "पाव्हणं, आयका! हात भाईर काढू नका. डोकं तर मुळीच नक्को, हाताला निदान इलाज हाय. ओढ्याचा उतार आला की बोलायचं न्हाय, जीभ चावंल. मळमळलं तर सांगा, लाजू नका. पोटात ठिवलेली लाज वाटंत भाईर येती. आन् मोटार बंद पडली तर उतरून ढकलायचं. आत बसून देवाचं नाव घ्यायचं न्हाय. भरलेली मोटार देवाला बी जड जाती."

मग हेच मैंदर्गीकरांसाठी कानडीत, आपल्या मुसलमान भाईबंदांसाठी दखनीत, आणि विणकरांसाठी तेलुगूत. तेलुगूतलं भाषण मात्र एकाच वाक्याचं असे. मी एकदा शेजारच्या विणकराला त्याचा अर्थ विचारला. तो हसून म्हणाला, "ते म्हणतात, वरचं सगळं तुम्हाला कळलंच असेल."

अक्कलकोटच्या अलीकडं एक लहानसा चढ आहे. तिथं मोटार फार कण्हायची. एकदा मोटारीत पहिल्यांदाच बसलेल्या एका शेतकऱ्यानं तिथं खाली उडी टाकली. "जनावर कण्हतंय आन् मी वर बसू व्हय?" असं म्हणून तो चालू लागला. सगळी मोटार हसली. दस्तगीरभाई हसले नाहीत. तेही उतरले आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी करत त्याच्याबरोबर चढ चालून आले. वर आम्ही उन्हात शिजत त्यांची वाट बघत होतो. मी कुरकुरलो तर म्हणाले, "कापडवाले, एकट्यानं चालला असता तर त्येला येडा म्हणाले असते. दोघं चाललो तर काय म्हणत्यात? चालले, म्हणत्यात."

या राज्यात असंतुष्ट माणूस एकच होता. ते म्हणजे फौजदारसाहेब. ते पेन्शनीत निघून मैंदर्गीला राहत. दर महिन्याला कामासाठी सोलापूरला येत, आणि परतताना पुढची जागा मागत. पहिल्याच खेपेला दस्तगीरभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा ते गरजले, "आमचं पोट लोखंडाचं आहे! दगड खाऊन पचवलेत!"

"मग झ्याक झालं की," दस्तगीरभाई म्हणाले, "मागचा बाकबी लोखंडाचाच हाय."

फौजदारांनी मालकाकडं तक्रार नेली. मालकानं दस्तगीरभाईंना बोलावून दम दिला. दस्तगीरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेबांना फुडं बसवतो, मालक. फुडच्या म्हातारीला मागं धाडतो. मग मागं जे काय हुईल ते धुवायला तुमी येत चला." मालकानं विषय बदलला.

फौजदारांचं दुसरं दुःख असं की त्यांना सांगायला एक गोष्ट होती आणि ऐकायला कुणी नव्हतं. भीमेकाठच्या एका दरोडेखोराला त्यांनी कसा धरला, त्याची ती गोष्ट. पण ती ते आपल्या घोडीच्या आजीपासून सुरू करत. घोडीच्या आईपर्यंत येता येता ऐकणाऱ्याला एकतर झोप लागे, नाहीतर मोटार लागे. दरोडेखोर प्रत्यक्ष कुणालाच भेटला नव्हता.

असेच उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी स्टँडवर एक म्हातारं जोडपं आलं. बाईचं नाव बसव्वा. नवऱ्याला दवाखान्यातून घेऊन निघाली होती. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ तिला कळलेला दिसत होता. म्हातारा घोंगडीत गुंडाळलेला. डोळे मिटलेले, छाती तेवढी कशीबशी हलत होती. लोक सरकून बसू लागले. "कसला रोग आहे कोण जाणे," असं कुणीतरी पुटपुटलं. सिद्रामनं तोंडानं नाही, मानेनं नकार दिला.

दस्तगीरभाई म्हाताऱ्याजवळ गेले, वाकले. "अज्जा, काय खाल्लं?"

"पाणीबी उतरंना कालपासनं," बसव्वा म्हणाली. "गावाकडची माती मागतोय. तेवढं पोचवा."

दस्तगीरभाईंनी सिद्रामकडं पाहिलं. सिद्रामनं मान फिरवली आणि इंजिन सुरू केलं.

मधल्या बाकाच्या कडेला म्हाताऱ्याला बसवलं. बसव्वा त्याचे पाय मांडीवर घेऊन खालीच बसली. शेजारी बसायला कुणी तयार होईना. "फौजदारसाहेब," दस्तगीरभाईंनी हाक दिली, "हितं लोखंडी माणूस पायजे." फौजदार मागून उठून मोठ्या ऐटीत पुढं आले. जागाही बरी मिळाली आणि जागेवरून न उठू शकणारा श्रोताही. मी त्यांच्या बरोबर मागं होतो. वाटेवरचं कुंभारी गाव मागं पडायच्या आत घोडीच्या आजीचा जन्म झाला होता.

दस्तगीरभाई बाहेर फूटबोर्डावर, म्हाताऱ्याच्या अंगालगत उभे. एक हात मोटारीच्या दांडीवर, दुसरा घोंगडीवर.

अक्कलकोटला मोटार पाण्यासाठी थांबली. सगळे चहाला उतरले. फौजदारही घसा ओला करायला गेले. मी गाठोडं सोडून कुठं जात नसे, म्हणून मागंच बसलो होतो. बसव्वानं मान वर केली आणि दस्तगीरभाईंना कानडीत एकच शब्द सांगितला.

"होदरू."

गेले. एवढं कानडी मलाही येत होतं.

दस्तगीरभाईंनी म्हाताऱ्याच्या नाकाशी बोटं धरली. बराच वेळ तशीच धरली. मग घोंगडी कानापर्यंत ओढली, पटका सारखा केला. बसव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मोटारीतून मुडदा न्यायचा नाही, असा मालकाचा सक्त हुकूम होता. कळलं असतं तर त्या बाईला तिथंच रस्त्यावर उतरावं लागलं असतं. त्या उन्हात तिला बैलगाडी कोण देणार, आणि मैंदर्गी कधी येणार?

दस्तगीरभाईंची नजर माझ्याकडं वळली.

"कापडवाले, तुमी काय बघितलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"हौ. मी बी न्हाय."

लोक परत आले तसे त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "अज्जाला झोप लागलीय. गलका नक्को." आणि जे मी कधी पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. फूटबोर्ड सोडून ते आत बाकावर टेकले, आणि म्हाताऱ्याच्या खांद्याभोवती हात टाकून त्याला आपल्या छातीशी धरलं. फौजदारांनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा दस्तगीरभाईंकडं, आणि खाकरून घोडीच्या आईपासून पुढं सुरू केलं.

गावाबाहेर नाका होता. शिपायानं आत डोकं घातलं. "ह्यो कोण? आजारी हाय काय? रोगी माणूस जाऊ द्यायचा न्हाई, हुकूम हाय. उठवा त्येला."

 दस्तगीरभाई तोंड उघडणार तोच फौजदार कडाडले.

"नाव काय तुझं? टोपी सरळ कर आधी! म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागलाय आणि उठवतोस? मी फौजदार होतो तेव्हा तू पाळण्यात होतास. गाडी सोड!"

शिपायानं टोपी सरळ केली आणि सलाम ठोकला. मोटार सुटली.

पुढची वाट मी विसरणार नाही. एका बाजूनं फौजदार घोडीवर बसून भीमेच्या पात्रात उतरत होते. दुसऱ्या बाजूनं दस्तगीरभाई म्हाताऱ्याच्या कानाशी हळू आवाजात कानडी बोलत होते. विहीर आली की विहीर सांगत, चिंचेचं झाड आलं की झाड. कुणाच्या रानात नांगरट झालीय, कुणाचं पडीक आहे, हेही. मोटारीच्या धक्क्यानं म्हाताऱ्याची मान हलायची, जणू दोघांचंही त्याला पटत होतं. मैंदर्गी दिसू लागली तेव्हा फौजदारांचा दरोडेखोर अखेर पकडला गेला आणि दस्तगीरभाई म्हणाले, "अज्जा, नोड्री. ऊरू बंतु." बघा, गाव आलं.

फौजदार उतरले. दोन पावलं गेले, वळले, टाचा जुळवल्या आणि घोंगडीतल्या म्हाताऱ्याला कडक सलाम केला. मग मागं न बघता निघून गेले.

आम्ही म्हाताऱ्याला त्याच्या उंबऱ्यावर टेकवलं, तेव्हा कुठं बसव्वानं तोंडातला पदर काढला. तिचा तो हंबरडा सगळ्या गल्लीनं ऐकला.

दुपारी मी बाजारातून परतलो तर दस्तगीरभाई ओल्या फडक्यानं मधला बाक पुसत होते. म्हाताऱ्याची अंत्ययात्रा नुकतीच गेली होती. लिंगायतांच्या चालीप्रमाणं त्याला फुलांच्या विमानात बसवून नेला होता.

"तेंच्यात मेलेल्याला बसवूनच नेत्यात," ते म्हणाले. "आपण काय येगळं केलं? जरा लौकर बसवलं, इतकंच."

"फौजदारांना कळलं नाही हे बरं झालं," मी म्हणालो. "नाहीतर पंचनामाच झाला असता."

त्यांनी फडकं पिळलं. "कापडवाले, जल्मभर मुडद्यांचे पंचनामे केलेला माणूस तो. तुमच्या आधी कळलं त्येस्नी."

परतीच्या मोटारीत गर्दी नव्हती. दस्तगीरभाईंनी भाषण केलं नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले. गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "तुम्ही अज्जाला ते सगळं का सांगत होता? विहीर, झाडं... त्याला काय ऐकू येणार होतं?"

त्यांनी वरच्या खिशातून एक लवंग काढून तोंडात टाकली.

"माझी बिवी अशीच," ते म्हणाले. "दवाखान्यातनं टांग्यातनं घरी आणत हुतो. ती मागं निजलेली. मी फुडं, टांगेवाल्याशी बोलत. घोडा कितीला घेतला, दाणा काय देतोस. घर आलं, उतर म्हणून मागं वळलो..." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "कुटं गेली ते बी ठावं न्हाय. तळ्यापाशी, का बाजारात, का आमच्याच गल्लीत. एकटीच गेली की वो."

सिद्रामनं वळणावर हॉर्न दिला. दस्तगीरभाई उठले नाहीत. खिडकीकडं तोंड करून बसून राहिले.

मी विकणारा माणूस. बोलणं हा माझा धंदा.  मग मी बाहेर जे दिसेल ते सांगू लागलो. हा ओढा आला, कोरडाच आहे. ही मेंढरं बघा, कुणाची असतील. त्या लिंबाखाली कुणीतरी भाकरी सोडून बसलंय.

"हौ," दस्तगीरभाई बाहेर बघत म्हणायचे. "हौ."

सोलापूर येईपर्यंत मी थांबलो नाही.